वीसपर्यंत मोज : मिल लॅक्सवरचे चार दिवस

गुरुवार

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की मिनेसोटात बऱ्याच लोकांच्या बोटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरामागे उभ्या असतात, आणि मी मात्र वर्षभर याच आठवड्याची वाट बघत असते. यंदा गुरुवार ते रविवार चार दिवस मिल लॅक्स तलावावर मासेमारीसाठी काढले. मी मिनियापोलिसहून हायवे १६९ ने सरळ उत्तरेला शंभरेक मैल, आणि दादा डुलूथहून बोट ओढत आला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, बारा वर्षांनी मोठा, गार पाण्यातली मासेमारी मला त्यानेच शिकवली. हातात गरी दिली ती मात्र बाबांनी, मालवणला, कोळंबच्या खाडीत. संध्याकाळी जिवंत कोळंबी लावून तांबोशासाठी गरवायला जायचो. तिथलं पाणी बारा महिने कोमट, त्यामुळे पाणी किती गार आहे यावर माशाचा सगळा स्वभाव बदलतो हे मला इथे येईपर्यंत माहीतच नव्हतं.

मिल लॅक्स म्हणजे सुमारे १ लाख ३२ हजार एकरांचा तलाव. किनाऱ्यावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वास तेवढा समुद्राचा नाही. ओजिब्वे लोकांचं त्याला नाव आहे मिसी-झागाइगन, म्हणजे मोठा तलाव, बास, एवढंच. एवढा मोठा असून खोली मात्र कुठेही चाळीस-बेचाळीस फुटांच्या वर नाही, परातीसारखा पसरट. म्हणून वारा सुटला की सगळं पाणी वरखाली ढवळलं जातं आणि थंडी आली की लवकर गारही पडतं. काठावरच्या गॅरिसन गावात शिरताना वॉलआय माशाचा तो भलामोठा पुतळा लागतो, कारण हा तलाव मुळात वॉलआयसाठी प्रसिद्ध, पण गेल्या काही वर्षांत इथल्या स्मॉलमाउथ बास या दुसऱ्या माशाने नाव काढलंय, २०१६ आणि २०१७ ला बासमास्टर या बास पकडायच्या स्पर्धामालिकेची वर्षअखेरची मोठी स्पर्धा इथेच झाली.

पोचेपर्यंत तीन वाजले, सूर्य मावळायला तीन तास. तरी बोट पाण्यात टाकलीच. बोटीच्या स्क्रीनवर पाण्याचं तापमान ४७ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ८ सेल्सिअस. हा आकडा मी वहीत पहिल्यांदा लिहिते, लुअर, म्हणजे गळाला लावायचं नकली आमिष, नंतर निवडते. ५५ च्या वर असेल तर बास अजून पळून खातो, भराभर ओढलेल्या लुअरच्या मागे येतो. ५० च्या खाली गेलं की त्याचं अंग मंदावतं, पचनच इतकं हळू होतं की रोज पोटभर खायची त्याला गरजच राहत नाही, आणि जे खाईल ते फार न हलता मिळायला हवं. पाइकचं तसं नाही, पाइक थंडीचा मासा, ४५ ला सुद्धा तो शिकारीच्या मूडमध्ये असतो. एकाच बोटीतून दोघांच्या मागे जायचं म्हणजे दोन वेगळे रॉड, दोन वेगळे वेग, आणि डोकंही दोनदा बदलावं लागतं.

त्या संध्याकाळी काहीच लागलं नाही. लून पक्ष्यांचा एक मोठा थवा पाण्यावर बसलेला होता, दक्षिणेला जायच्या आधी ते इथे थांबतात, त्यांचे ते लांब हाकारे ऐकत परतलो.

शुक्रवार

सकाळी पावणेआठला उजाडतं या दिवसांत. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फाचे मणी धरलेले, दर दहा-बारा कास्टनंतर, म्हणजे गळ फेकून झाल्यावर, रॉडचं टोक पाण्यात बुडवून बर्फ विरघळवायचा. लाइफ जॅकेट पहिल्यापासून अंगात, झिप लावून. यात दादा कुणाचं ऐकत नाही. ४५ अंशाच्या पाण्यात माणूस पडला तर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरजोरात ओढला जातो, तेव्हाच डोकं पाण्याखाली गेलं तर संपलं, आणि दहाएक मिनिटांत बोटं कामातून जातात, मग कितीही पट्टीचा पोहणारा असो, बोटीवर चढता येत नाही.

दक्षिणेकडे जाताना लांबून ती दोन खडकाळ बेटं दिसली, स्पिरिट आणि हेनेपिन. दोन्ही मिळून जेमतेम ०.५७ एकर, म्हणजे आपले २३ गुंठे, आणि हे अमेरिकेतलं सगळ्यात छोटं राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे, पक्ष्यांसाठी राखलेलं. तिथून बरंच अलीकडे एक रीफ आहे, पाण्याखालची खडकांची टेकडी, माथा आठ फुटांवर आणि कडा वीस फुटांपर्यंत उतरत जाणारी. पाणी काचेसारखं. २००५ मध्ये या तलावात झेब्रा शिंपले सापडले, ते पाणी गाळत बसतात, तेव्हापासून ते फारच स्वच्छ झालंय. स्वच्छ पाण्यात मासा लांबून बघतो आणि नीट बघतो, म्हणून मी भडक रंग डब्यातच ठेवले आणि पाठ ऑलिव्ह, पोट पांढरट असा एक जर्कबेट बांधला.

जर्कबेट म्हणजे चार-साडेचार इंचाचा बारीक मासा, पुढे प्लास्टिकची छोटी जीभ, पोटाखाली दोन किंवा तीन तिहेरी हुक. रॉडने झटका दिला की तो डावीकडे उजवीकडे उसळतो आणि झटका थांबला की आहे त्या खोलीवर अधांतरी उभा राहतो, वर येत नाही आणि बुडतही नाही. निदान पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, सस्पेंडिंग. पण ते कुठल्या पाण्यात?

हे दादाने मला सहा वर्षांपूर्वी दाखवलं होतं आणि अजून मी दर ट्रिपला पहिलं काम हेच करते. लुअर बोटीच्या कडेला पाण्यात सोडायचा, हात-दीड हात खाली न्यायचा, दोरी सैल सोडायची आणि बघायचं. काल रात्री खोलीवर बेसिनमध्ये हाच लुअर छान अधांतरी राहिला होता. इथे सोडल्यावर दोन सेकंद थांबला, मग शेपटी किंचित उचलली, आणि हळूहळू, एखादा बुडबुडा यावा तसा वर येऊन पाण्यावर आडवा झाला. कारण साधं आहे, गार पाणी जड असतं. पाणी सगळ्यात जड होतं ४ सेल्सिअसला, ३९ फॅरनहाइटला, आणि आपण त्याच्या जितकं जवळ जाऊ तितका तोच लुअर हलका पडतो. फरक केसाएवढा, पण जो मासा अर्धा मिनिट नुसता बघत उभा राहणार आहे त्याच्यासमोर लुअर वरवर तरंगत निघून गेला तर तो कशाला तोंड उघडेल.

यासाठी शिशाच्या चिकटपट्ट्या मिळतात, टिकलीएवढे तुकडे कापायचे. पहिला तुकडा पुढच्या हुकच्या मागे पोटावर दाबून लावला, लुअर परत पाण्यात, अजूनही वर येतोय पण सावकाश. दुसरा तुकडा, अर्धा कापून. आता तो थांबला. नाक किंचित खाली, शेपूट वर, जणू तळाकडे काहीतरी बघतोय, आणि हलेना. मी मोजत होते, पंचवीसपर्यंत मोजलं, तो तिथेच. या एका कामाला पंधरा मिनिटं गेली, बोटं निळी पडली, पण मला विचाराल तर सगळ्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. लोक लुअरच्या रंगावर तासन्‌तास बोलतात, तो उभा कसा राहतो हे बघायला एक मिनिट देत नाहीत.

दुसरं म्हणजे हुक. गार पाण्यातला बास हिसका मारत नाही, ओठाने नुसता धरतो, त्यामुळे टोक धारदारच हवं. अंगठ्याच्या नखावर टोक अलगद ओढून बघायचं, नखात रुतलं तर ठीक, घसरलं तर बदलायचं.

मग कास्ट. पाच-सहा वेढे गुंडाळून खाली नेला, दोन झटके, आणि थांबले. आठ मोजलं की माझा हात आपोआप हलायला लागतो, हे मला माहीत आहे, कारण बारा तास ऑफिसची धावपळ करणारा हात आहे तो. दादा मागून, न बघताच, "अगं, वीसपर्यंत मोज."

"वीस फार होतात दादा."

"तुला होतात. त्याला नाही."

वीसपर्यंत मोजायला लागले. एक, दोन झटके, वीस. परत. तिसऱ्या की चौथ्या कास्टला, चौदावर असताना, दोरी जिथे पाण्यात शिरते तिथे ती बोटभर बाजूला सरकली. झटका नाही, ठोका नाही. रॉड उचलला तर ओला टॉवेल अडकल्यासारखं नुसतं जड, आणि मग तो टॉवेल एकदम जिवंत झाला. स्मॉलमाउथ खोलात डोकं हलवत राहतो, रॉड ठोठावतो, ते हाताला कळतं, दार वाजवावं तसं. जाळ्यात आला तेव्हा सोनेरी-तपकिरी अंग, उभे गडद पट्टे, लालसर डोळा, वीस इंच, पोट गच्च भरलेलं. हुक ओठाच्या अगदी कातडीत, जाळ्यात येताच आपसूक सुटलेला. पाण्यातच धरून सोडला.

दुपारपर्यंत सात मिळाले, सगळे त्याच कडेवर, सगळे बारा मोजून झाल्यानंतर. दादाकडे छोटा नेड रिग होता, मशरूमच्या आकाराचं शिशाचं डोकं आणि पावणेतीन इंचाची रबरी काडी, ती तळाला ठेवली की शेपटी उभी राहते. तो ती ओढत नाही, बोट वाऱ्याने सरकते तेवढीच. त्याला चार. थंडीत बास एकटादुकटा नसतो, दहा मीटरच्या जागेत वीसजण असतात आणि पुढच्या दोनशे मीटरवर एकही नाही, म्हणून एक मिळाला की जागा सोडायची नाही, आणि अर्धा तास काही नाही तर सोडायचीच.

तीनच्या सुमारास मोजून अठरावर असताना दोरी सैलच पडली. ओढून बघितली तर टोकाला लुअर नाही, आठ पाउंड ताण सोसणारी फ्लुरोकार्बनची पारदर्शक दोरी कात्रीने कापल्यासारखी साफ. पाइक. मला वाईट वाटलं ते लुअर गेल्याचं नाही, माशाच्या तोंडात तीन हुक राहिले याचं. दहाएक मिनिटांनी लुअर स्वच्छ पाण्यात अधांतरी दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला, त्याने झटकून टाकला होता. बोट वळवून तो उचलला. पट्ट्या जागेवर होत्या, पाठीवर दातांच्या दोन रेघा. 

दोरी आणि लुअर यांच्या मध्ये स्टीलचा लीडर, म्हणजे दातांनी न तुटणारी तार, लावला असता तर कापलं नसतं, मग का नाही लावला? कारण स्टीलचं वजन जर्कबेटचं नाक खाली ओढतं, सकाळची सगळी पंधरा मिनिटं फुकट. दोन्ही एकदम साधत नाही. तेव्हापासून जिथे पाइकची शंका आहे तिथे मी तीस पाउंडाचा जाड फ्लुरोकार्बन लावते, तो वजनाने सौम्य आणि बऱ्यापैकी दात सोसतो, बास थोडे कमी मिळतात, चालेल.

रात्री सूप आणि पोळ्या. दादाने त्याचा जुना रापाला लुअर काढून टेबलावर ठेवला आणि मला परत ती गोष्ट ऐकायची होती म्हणून सांगायला लावली. फिनलंडचा लाउरी रापाला हा कोळी माणूस, जाळी आणि गळ टाकून पोट भरणारा. त्याने बघितलं की मोठा मासा थव्यातला तोच एक लहान मासा उचलतो जो जरा तिरका, लंगडत पोहतोय. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून मुलामा दिला. १९५९-६० च्या सुमारास तो लुअर अमेरिकेत आणला आमच्या मिनियापोलिसच्याच रॉन वेबर आणि रे ऑस्ट्रॉम यांनी. ऑगस्ट १९६२ च्या लाइफ मासिकात त्यावर लेख आला, आणि तो नेमका मॅरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरचा, तिचा फोटो कव्हरवर असलेला अंक, घराघरात वाचला गेला, मागणी पुरवता येईना. मला या गोष्टीत ते मासिक वगैरे नाही आवडत इतकं, मला तो माणूस आवडतो जो होडीत बसून नुसता बघत होता.

शनिवार

वायव्येचा वारा, पहाटेपासून. तलावावर पांढऱ्या लाटा. दुपारपर्यंत बाहेर पडलोच नाही, रील साफ केले, हुक बदलले, झोपलो.

दोननंतर पश्चिम किनाऱ्याच्या आडोशाला तासभर गेलो. पाणी ४४. वाऱ्यात दोरी फुगते, जर्कबेट उभा राहूच शकत नाही, दोरीच त्याला ओढत नेते, म्हणून अशा दिवशी ब्लेडबेट. धातूची चपटी पट्टी, पोटाला शिसं, अर्ध्या औंसाचा. बोटीखाली सरळ तळाला सोडायचा, वीतभर उचलायचा, हाताला त्याची थरथर लागली की लगेच परत तळाला. उंच उचलला तर मासा बघत राहतो, घेत नाही. आणि सोडताना दोरी पूर्ण सैल सोडू नये, कारण चावा पडतानाच येतो आणि कळत नाही. बावीस फुटांवर मला एक, दादाला दोन. हात इतके गारठले की गाठ दातांनी ओढावी लागली, मग परत फिरलो.

रविवार

वारा पडला, आभाळ करडं, पाणी ४३. आजचा दिवस पाइकचा, विगवॅम बेमध्ये.

पाइक बघितला नसेल तर आपली मरळ डोळ्यांसमोर आणा, गवताच्या काठाला दबा धरून बसणारी, फक्त तोंड बदकाच्या चोचीसारखं लांब चपटं, अंग हिरवं आणि त्यावर फिकट ठिपके, आणि तोंडात वरच्या टाळूपर्यंत मागे वळलेले दात. मिनेसोटाचा विक्रम १९२९ चा, बासवुड लेकचा, ४५ पाउंड १२ औंस, अजून मोडलेला नाही.

ऑक्टोबरअखेरीला बरंचसं पाणगवत तपकिरी होऊन कुजायला लागतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, मासे तिथून निघून जातात. म्हणून हिरवं राहिलेलं शोधायचं. पहिल्या तासात काय केलं तर नुसता हुक गवतातून ओढला आणि काय वर येतंय ते बघितलं. तपकिरी, मऊ, चिकट, तर पुढे. एका जागी, दहा फुटांवर, कुरकुरीत हिरवी काडी आली, दादाने ती दोन बोटांत मोडून दाखवली, गवारीची शेंग मोडावी तशी कट्‌ आवाज आला. तिथे थांबलो.

शिवाय याच दिवसांत टलिबी मासे अंडी घालायला खडकाळ उथळ्यावर येतात आणि मोठे पाइक त्यांच्या मागे. टलिबी फूटभर लांब असतो, तेव्हा पाइकला दोन इंचाची चिमुकली मासळी दाखवून उपयोग नाही. बासला लहान आणि स्थिर, पाइकला मोठं आणि सावकाश चालतं, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. माझ्या रॉडवर लाल-पांढरा डेअरडेव्हल चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचा धातूचा लुअर, १९०६ पासून चालत आलेल्या एपिंगर कंपनीचा. दादाकडे सात इंचाचा रबरी मासा, वल्ह्यासारखी शेपूट, शेपूट जेमतेम हलेल इतक्या हळू. दोघांना आज लीडर टायटॅनियमचा, फूटभर.

चमच्याची गंमत थांबण्यात नाही, पडण्यात आहे. हळू गुंडाळायचा, डुलत येतो, दर चार-पाच वेढ्यांनी हात थांबवायचा, मग तो पिंपळाच्या पानासारखा गिरक्या घेत खाली पडतो. उन्हाळ्यात मी तो पडूच देत नाही, आता दोन-तीन सेकंद पडू देते.

साडेदहाला चमचा बोटीपासून दोन हातांवर आला आणि त्याच्यामागे, अगदी खाली, एक ओंडका सरकत होता. ओंडका नव्हता. तो चमच्याच्या वेगाने येत होता, कल्ले उघडत-मिटत होते, डोळा माझ्याकडे की चमच्याकडे कळेना. उचलला असता तर गेला असता. मी रॉडचं टोक पाण्यात घातलं आणि थांबले, चमचा माझ्यासमोरच पडायला लागला, एक गिरकी, दुसरी, तो पाइक तिरका झाला, पांढरं पोट दिसलं आणि चमचा दिसेनासा झाला. बस्स, तोंड उघडलेलंसुद्धा मला दिसलं नाही. मग धावला. तीन वेळा बोटीखालून गेला, दादाने इंजिन वर घेतलं आणि जाळं घेऊन गुडघ्यावर बसला.

अडतीस इंच. जाळं रबराचं, पाण्यातच ठेवलं. बाहेर हवा शून्याखाली असेल तर कल्ल्यांचे नाजूक धागे गोठतात, म्हणून पाण्याबाहेर फार तर एक फोटो, तोही नाही काढला तरी चालतो. लांब चिमट्याने हुक सुटेना, तिहेरी हुकचा एक काटा जिभेच्या मुळाशी होता, तेव्हा दादाने पक्कड घेऊन काटाच कापला. हुक जातो, मासा राहतो. शेपटीच्या मुळाशी धरून मी त्याला उभा ठेवला, मिनिटभर, दोन मिनिटं, हाताची जाणीव गेली होती, आणि मग शेपटीत एकदम ताकद आली आणि हातातून निघून गेला, गवतात, सरळ.

दादाला दोन आणखी मिळाले, लहान. मला काही नाही. चारला रॅम्पवर आलो, बोटीचा तळाचा बुच काढून सगळं पाणी सोडलं, ट्रेलरला लागलेलं गवत काडी-काडी काढलं, कायदाच आहे तसा, शिंपले दुसऱ्या तलावात जाऊ नयेत म्हणून. दादाला म्हटलं, "पुढच्या वर्षी?" तो म्हणाला, "बर्फ धरेपर्यंत अजून तीन आठवडे आहेत."

घरी पोचायला आठ. लुअर पुसून वर्तमानपत्रावर वाळत घातले, ओले ठेवले की हुक गंजतात. तो शुक्रवारचा जर्कबेट शेवटी राहिला, पाठीवर दातांच्या दोन रेघा असलेला. बेसिन गरम पाण्याने भरलं आणि त्यात सोडला. शिशाच्या त्या दीड टिकलीने तो नाक खाली करून हळूहळू तळाला गेला आणि तिथे टेकला. पट्ट्या काढायला नख लावलं होतं, मग राहू दिल्या.